कोठीपोट पाठ होतं, कळलं नव्हतं

व्हेटर्नरीला पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर चारही पोटांची नावं पाठ असतीलच, मलाही होती, व्हायवाला धडाधड सांगितली होती. पण डोक्यात पक्कं बसलेलं की गाय गवत पचवते, आणि तिथेच मी फसलो. सेल्युलोज, म्हणजे गवतातला चिवट तंतू, फोडणारं एन्झाइम गाय स्वतः बनवतच नाही. ते काम कोठीपोटातले, म्हणजे पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या पोटातले, जिवाणू आणि प्रोटोझोआ (एकपेशीय सूक्ष्म जीव) करतात, त्यातून जी फॅटी ॲसिडं तयार होतात त्यांच्यावर तिची जवळपास ७० टक्के ऊर्जा भागते, आणि पुढे तेच जंतू चौथ्या पोटात जाऊन पचतात, तिला प्रोटीन देतात. चारा आपण आधी जंतूंना घालतो, गायीला नंतर.

इंटर्नशिपमध्ये एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एक गाय आली. मांडवामागे टाकलेला भात आणि पुऱ्या रात्री पोटभर खाल्लेल्या. "डॉक्टर, पोट फुगलंय" असं मालक म्हणाला, डावी कूस भरलेली दिसत होती, मी पोटफुगी धरली, तेल पाजलं, पाचक पावडर दिली आणि घरी पाठवली. सकाळी बघतो तर मान कुशीकडे वळवून बसलेली, डोळे खोल गेलेले, शेण पातळ आणि आंबूस वासाचं. सलाईन लावलं, आम्ल मारायला बायकार्ब (सोडा) दिलं, दुपारी गेली. पाच महिन्यांची गाभण होती. अजून आठवलं की पोटात कालवतं.

आता हे नीट वाचा. भात, पीठ, भरडा यातला स्टार्च जंतू फार झपाट्याने आंबवतात, लॅक्टिक ॲसिड साचतं, एरवी ६ ते ७ असणारा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या खाली जातो, प्रोटोझोआ मरतात, कोठीपोटाची हालचाल थांबते. आणि ते आम्ल रक्तातलं पाणी कोठीपोटात ओढून घेतं. म्हणजे कूस भरलेली दिसते ती पाण्याने, आणि त्याच वेळी गाय आतून सुकत असते! मी गॅस समजलो, होतं पाणी. डाव्या कुशीत मूठ दाबून दोन मिनिटं थांबा, कोठीपोटाच्या हालचालीच्या दोन-तीन लाटा हाताला यायला हव्यात. लाट नाही आणि दाबल्यावर डबडब लागतंय, तर पावडर देऊन घरी पाठवू नका, लगेच सीनियरला बोलवा.

हे मूठ दाबणं मला शिकवलं ते दवाखान्यातल्या पट्टीबंधक (जनावरांची मलमपट्टी करणाऱ्या) काकांनी. माझं स्पष्ट मत आहे, झेरॉक्स नोट्स आणि दोन मिनिटांचे व्हिडिओ परीक्षेपुरते ठीक, हात तयार होतो तो अशा माणसाच्या शेजारी उभं राहून. विचारायला लाजू नका, ते रागावत नाहीत.

आणि घाबरूनही जाऊ नका, विषय वाटतो तेवढा अवघड नाहीये. एकदा नळीने कोठीपोटातलं पाणी काढा, पहिली धार टाकून द्या कारण त्यात लाळ असते आणि पीएच खोटा वर दिसतो, मग एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवा. निरोगी गायीचा असेल तर प्रोटोझोआ नुसते धावत असतात. फक्त पाणी थर्मासमध्ये आणा आणि स्लाइड कोमट ठेवा, गार झालं की तेही हलायचे थांबतात आणि चांगली गाय आजारी वाटते.