पेरणी तोंडावर आलीय, ॲप आणि सेन्सर घ्यायच्या आधी हे वाचा

पेरणीचे दिवस जवळ आले की तेच प्रश्न सुरू होतात, कुठलं ॲप टाकू, सेन्सर बसवू का, ड्रोन बोलवू का. माझं ऐकाल तर आधी एक साधा पर्जन्यमापक रानात उघड्यावर, झाडाझुडपांपासून लांब उभा करा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी आकडा मोबाईलमधे टाका. कारण ॲप जो पाऊस दाखवतं तो बऱ्याचदा कित्येक किलोमीटरच्या पट्ट्याचा अंदाज असतो, आणि बांधाच्या पलीकडे कोसळतो नि आपल्याकडे थेंब नाही हे आपण सगळ्यांनीच बघितलंय. १ मिमी पाऊस म्हणजे एकरी साधारण ४,००० लिटर पाणी. रात्री १२ मिमी झाला तर जवळजवळ ४८,००० लिटर फुकटात मिळालं, मग सकाळी उठून मोटर कशाला चालू करायची?

पैसे घालायचेच असतील तर ओलाव्याच्या सेन्सरमधे घाला, पण एकच नको, जोडी घ्या. एक मुळांच्या पट्ट्यात १५-२० सेंमीवर, दुसरा ४०-४५ सेंमीवर. वरचा कोरडा आणि खालचा ओला दाखवत असेल आणि पिकाची मुळं तिथवर पोचली असतील तर एक दिवस थांबायला हरकत नाही. आणि पाणी दिल्यावर प्रत्येक वेळी खालचाही आकडा उडी मारत असेल तर पाणी मुळांच्या खाली चाललंय, आणि नुसतं पाणी नाही, तुम्ही टाकलेलं नत्रही सोबत वाहून जातंय. बसवताना माती गच्च दाबा, पोकळी राहिली की आकडा खोटा येतो. बांधाकडेला तर बसवूच नका.

सॅटेलाईटचे फोटो फुकट मिळतात, सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांचे साधारण ५ दिवसांनी, एक ठिपका म्हणजे १० बाय १० मीटर. ढग असले की काही दिसत नाही आणि पीक लहान असताना निम्मी मातीच दिसते, म्हणून पहिले काही आठवडे त्याच्या नादी लागू नका. नंतरसुद्धा तो फक्त कुठे गडबड आहे ते सांगतो, का आहे ते नाही. मी एकदा नकाशावरचा पिवळा तुकडा बघून सरळ युरिया टाकला, जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं की तिथली ठिबकची नळी चोकअप होती :)

फवारणीसाठी तासातासाचा वारा बघा, ताशी ३ ते १५ किमीच्या दरम्यान असला तर बरं. वारा अगदी पडलेला असेल तर लोकांना वाटतं मस्त वेळ आहे, पण पहाटे गार हवा जमिनीलगत अडकलेली असते, बारीक थेंब तरंगत राहतात आणि भलतीकडेच जातात.

आणि हो, कुठलंही ॲप घ्या पण नोंदी डाउनलोड होतात का ते आधी तपासा, हंगामाच्या मधेच ते बंद पडलं तर वर्षभराचा हिशोब गेला.