एमजीबीच्या उंबऱ्यात लपलेला गंज

एमजीबी ही १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झालेली स्पोर्ट्स कार. तिला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि छप्पर नसलेल्या रोडस्टरमध्ये पुढचा व मागचा भाग जोडून धरण्याचा बराचसा भार दारांखालच्या सिलवर, म्हणजे उंबऱ्यावर, येतो. हा उंबरा बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोहोंमधला उभा पडदा आणि खालची कॅसल रेल (तळाची लांब पट्टी) मिळून बनलेली पोकळ पेटी आहे. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साचून ओला राहतो. गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे रंगाला फोड दिसेपर्यंत मधला पडदा बहुधा खलास झालेला असतो.

तपासणीची सुरुवात दारापासून करावी. दार आणि मागचे पॅनेल यांतील फट वर चिंचोळी व खाली रुंद असेल, किंवा गाडी जॅकवर उचलताच दार अडकू लागले, तर उंबरा भार घेत नाही असे समजावे. मग पातळ फडक्यात गुंडाळलेले चुंबक खालच्या कडेने फिरवावे. माझ्या पहिल्या गाडीत ते हातभर अंतरात कुठेच चिकटले नाही. पुट्टी खरवडली तर खाली फायबरग्लास, आणि त्यामागे मूठभर तपकिरी भुगा. जोडांवर स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. पत्रा साबूत असेल तर तो टणक लागतो, नसेल तर टोक आत जाते. मडगार्ड बोल्टने बसवलेले असते, म्हणून ते काढूनच निदान करावे. आसनांमागच्या बॅटरीच्या पेट्या आणि मागच्या स्प्रिंगांचे टेकू पाहायला विसरू नये.

जुन्या उंबऱ्यावर नवा पत्रा चढवून देणारे कारागीर भेटतात. ते काम स्वस्त असते आणि निरुपयोगीही. पेटी उघडलीच पाहिजे. मात्र कापण्यापूर्वी बॅटरी व पेट्रोलची टाकी काढावी, बॉडी सपाट व भक्कम आधारांवर ठेवावी आणि दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्यांचा आडवा-तिरपा आधार वेल्ड करावा, अन्यथा गाडी मधोमध वाकते आणि वाकलेल्या स्थितीतच कायमची जोडली जाते. एका वेळी एकच बाजू घ्यावी. उंबऱ्याची टोके पुढे मडगार्डखाली व मागे पॅनेलखाली जातात, म्हणून मागच्या पॅनेलची खालची पट्टी कापावी लागते; हा कंटाळवाणा भाग टाळणाऱ्याचे काम पुन्हा तिथूनच कुजते. गंजरोधक रसायन पृष्ठभागावरच चालते, दोन पत्र्यांच्या सांध्यात पोचत नाही. तिथे चांगला पत्रा लागेपर्यंत कापणे हाच उपाय.

नवे तुकडे आधी क्लॅम्पने धरून, दार बसवून, फट सर्वत्र सारखी येईपर्यंत हलवावेत; वेल्डिंग त्यानंतर. वेल्डिंगपूर्वी सांध्यांना जस्तयुक्त प्रायमर लावावा, पण वेल्डिंग करताना निघणारा त्याचा धूर विषारी असल्याने दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. रंग पूर्ण वाळल्यावर लांब नळीने पोकळीत मेण फवारावे आणि शेवटी तळाची पाणी निघण्याची भोके तारेने मोकळी करावीत.