मराठवाड्यातून डेथ मेटलचा अल्बम काढायचा असेल तर

डेथ मेटल म्हणजे जड आवाजाचं, गुरगुरत गायलं जाणारं रॉक संगीत. त्यात येणारी नवीन पोरं पहिलं विचारतात ते गिटार कोणती घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी ड्रमचं बघा, वेळ सगळा तिथंच जातो. २२० बीपीएमला (मिनिटाला २२० बीट) एका बीटमागे चार ठोके धरले तर किकवर, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, दोन्ही पायांनी मिळून सेकंदाला जवळजवळ पंधरा ठोके मारायचे असतात, आणि त्यातला प्रत्येक सुटा ऐकू यायला हवा. खऱ्या किटवर हे रेकॉर्ड करायचं तर आठ-दहा माइक, तितके इनपुट आणि चांगली खोली लागते. संभाजीनगरात आमच्या बँडकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणून ड्रमरनं क्लिक (कानात ठेका देणारी टिकटिक) लावून इलेक्ट्रॉनिक किटवर वाजवलं, आम्ही नुसतं मिडी (ठोक्यांची वेळ आणि जोर यांची नोंद) घेतलं आणि आवाज नंतर सॅम्पलमधून, म्हणजे खऱ्या ड्रमच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांतून, चढवला. यावर नाक मुरडणारे भेटतातच. मुरडू द्या. फक्त सगळे ठोके सॉफ्टवेअरमधल्या ग्रिडला (अचूक वेळेच्या रेघांना) चिकटवून एकाच जोराचे करू नका. ब्लास्ट बीटमधला, म्हणजे अतिवेगवान सलग ठेक्यातला, स्नेअर ड्रम अगदी एकसारखा झाला की शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतं.

गिटारचं रेकॉर्डिंग घरीच होतं. ऑडिओ इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), लॅपटॉप आणि रीपरसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एवढं पुरतं. (रीपर ६० दिवस फुकट वापरता येतं, पुढे घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला.) कोरा डीआय सिग्नल (अँपविना थेट गिटारमधून आलेला) जपून ठेवा, म्हणजे अँपचा आवाज नंतरही बदलता येतो. डावीकडची आणि उजवीकडची रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) वेगवेगळी वाजवा. एकच टेक (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी केला तर रुंदी येत नाही. हे सगळं कुठल्याही व्हिडिओत सापडेल. व्हिडिओत सापडत नाही ती आपल्याकडची लाइट. जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं आणि स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह, म्हणजे खडबडीत वीज, देतो. आपल्या संगीतात गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) इतका असतो की ती गुणगुण रिफच्या बरोबरीनं वर येते. अशा वेळी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आणि इंटरफेस यूएसबीवर चालणाराच घ्या. माइकवरचं काम तर मे महिन्यात काढूच नका. कूलर बंद केला तर खोलीत बसवत नाही, चालू ठेवला तर टेक वाया, आणि बाहेर लग्नसराईचा डीजे असतोच. दिवाळी ते संक्रांत हा आमचा हंगाम.

ग्रोलिंगचा, म्हणजे गुरगुरत गायचा, सराव आम्ही शेतात, आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) केला. हा आवाज घसा ताणून ओरडल्यानं येत नाही, तो श्वासाच्या आधारानं येतो. मोठा करायचं काम माइकचं. घसा दुखायला लागला की त्या दिवसापुरतं थांबायचं.

गाणी मराठीत ठेवली. नॉर्वेतलं बर्फ आणि जंगल आपल्या पोरांनी का गावं, हे मला कधी पटलं नाही. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावावं लागलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. यापेक्षा काळा विषय आणखी कुठून आणायचा? ज्याला त्याला वाटत होतं की सुरुवातीला रेल्वेचा आवाज टाकावा. नाही टाकला. तो सगळ्यांना सुचला, इथंच मला शंका आली.

मिक्सला (रेकॉर्ड केलेलं सगळं एकत्र जुळवायला) देण्याआधी आवाज कुठल्या वळणाचा हवा ते ठरवा. अमेरिकेतल्या टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत निर्माता स्कॉट बर्न्सनं घडवलेल्या अल्बममध्ये सगळं नेटकं, किकचा ठोकान् ठोका टोकदार. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत बॉस कंपनीच्या एचएम-२ या गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलची बटणं शेवटपर्यंत फिरवून गिटार दाट आणि खरखरीत केलेले. दोन्ही एकदम मागितलं तर मिक्सवाल्यानं करायचं काय? आमच्या रिफ संथ होत्या, म्हणून आम्ही दुसरं घेतलं. मिक्सिंग मात्र बाहेर द्या आणि पैसे असतील तेवढे तिथंच घाला. महिनोन्‌महिने तेच ते ऐकून आपल्या कानांचा भरवसा राहिलेला नसतो.

अल्बम आल्यावर गल्लीत काहीही घडत नाही. नातेवाईक पहिलं गाणं अर्धं ऐकून ‘छान आहे, पण शब्द कळत नाहीत’ म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. आमची पहिली खरेदी बँडकॅम्पवर (बँडांनी आपलं संगीत विकायची वेबसाइट) जर्मनीतून झाली, मग पोलंड, ब्राझील. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि कॅसेट-टीशर्टवर १० टक्के कापतं, पेमेंटचं शुल्क वेगळं. एन्सायक्लोपीडिया मेटलमवर (मेटल बँडांची माहिती ठेवणारी वेबसाइट) बँडची नोंद झाली की शंभरपैकी टक्के देणारी परीक्षणं येऊ शकतात. त्यात एकाला आमचे ड्रम जिवंत वाटले, दुसऱ्याला यांत्रिक, अल्बम तोच. भारतीय बँड म्हटल्यावर सितार शोधणारे परीक्षकही असतात. त्यांच्यासाठी पुढच्या अल्बममध्ये सितार घालू नका.

इकडे कार्यक्रम मिळाला तर साउंडवाला बहुधा ऑर्केस्ट्रावाला असतो. त्याला डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज) म्हणजे वायर गेलीय असं वाटतं आणि तो गुपचूप गिटारचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढतो. साउंड चेकच्या आधी त्याला मोबाइलवर दोन गाणी ऐकवा. हलगी-संबळ माइकवर घेण्यात ही माणसं तरबेज असतात. किक आणि टॉम हे ड्रम बिनधास्त त्यांच्यावर सोपवा, गिटार किती वर ठेवायचं तेवढं स्वतः उभं राहून सांगा.