अंबाजोगाईहून आंबोलीला, ओल्या जंगलातलं गाईडचं काम

सह्याद्रीच्या ओल्या जंगलात गाईड व्हायचं तर माणूस तिथलाच असावा लागतो, असं आमच्याकडं पक्कं समजतात. मी अंबाजोगाईची. पावसाळ्यात आंबोलीत रात्रीच्या फेऱ्या घेते, हिवाळ्यात जायकवाडीला पक्षी दाखवते आणि उन्हाच्या तोंडाला कासवांच्या दिवसांत वेळासला जाते. लातूर, बीड, परभणीकडची बी.एस्सी. करणारी पोरंपोरी "आम्हाला जमेल का ताई?" असं विचारतात. जमतं. पण काम नेमकं काय आहे हे आधी कळलं तर पहिले दोन पावसाळे वाया जात नाहीत, म्हणून हे लिहितेय.

आंबोली घाटमाथ्यावर आहे, साधारण ७०० मीटर उंचीवर. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मराठवाडा या डोंगराच्या पर्जन्यछायेत. आपल्याकडं पावसाळाभरात ७०० मिलिमीटरच्या आगेमागे पडतो, तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, त्यामुळं आपल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पाहुण्यांना मात्र मी हे आकडे पहिल्याच संध्याकाळी सांगते. तिथला प्रत्येक जीव या पाण्याच्या वेळापत्रकावर जगतो, आणि ते वेळापत्रक ध्यानात आलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

आंबोली टोडचंच घ्या. या बेडकाला शास्त्रीय नाव मिळालं २००९ साली, झँथोफ्रायनी टायग्रिना, अंगावरच्या वाघासारख्या पट्ट्यांवरून. आंबोलीच्या परिसराबाहेर तो जवळजवळ कुठंच नाही. पहिल्या जोरदार सरी आल्या की जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, बोटभर खोलीची डबकी साचतात, त्यांत हे बेडूक अंडी घालतात. पाऊस मध्येच उघडला तर डबकं आटतं आणि अंडी सुकून जातात. म्हणजे त्याच्या वर्षाचा सगळा हिशोब जूनच्या थोड्या दिवसांत ठरतो. नेमक्या त्याच दिवसांत पर्यटकांच्या गाड्या घाटात येतात, कितीतरी बेडूक रस्त्यावर चिरडले जातात आणि सड्यावर हौशी माणसं बूट घालून त्याच डबक्यांतून चालतात. गाईडचं पहिलं काम इथं सुरू होतं. पाय कुठं ठेवायचा, हे बेडूक दाखवण्याच्या आधी सांगायचं. मी सगळ्यांना एका रांगेत, पाणी नसलेल्या कातळावरून नेते. कुणी रांग सोडली तर थांबवते, मग तो कितीही मोठा फोटोग्राफर असो.

रात्रीची फेरी साधारण सात-साडेसातला निघते. नव्या माणसाची घाई टॉर्च मारायची असते. मला ज्यांनी शिकवलं ते आंबोलीतलेच एक वयस्क काका, शाळा फारशी न शिकलेले. पहिल्या दिवशीच म्हणाले, "चेडवा, आदी आयक, मगे बघ." आंबोलीच्या पावसात डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात, हे त्यांच्यामागं फिरताना रोज पटत गेलं. झुडपातली बारीक टिकटिक बुश फ्रॉगची. पाण्यावर झुकलेल्या फांदीवरून मलबार ग्लायडिंग फ्रॉगचा आवाज आला की तिथं पानाला चिकटलेला फेसाचा गोळाही शोधायचा. ते त्याचं घरटं. अंडी फेसात वाढतात, पावसानं फेस विरघळतो आणि पिल्लं टपटप खालच्या पाण्यात पडतात. एवढं घडताना दिसेलच असं नाही, पण फेसाचा गोळा, खालचं डबकं आणि वरचा बेडूक या तिन्ही गोष्टी एका प्रकाशझोतात दाखवता आल्या तर पाहुण्याला सगळी गोष्ट तिथल्या तिथं समजते.

मग एका ठिकाणी सगळ्यांचे टॉर्च आणि मोबाईल बंद करायला लावते. दहा-पंधरा मिनिटं काळोखात उभं राहायचं. डोळे सरावले की कुजक्या फांद्यांवर फिकट हिरवा उजेड दिसू लागतो. ती बुरशी असते, लाकूड कुजवता कुजवता उजळणारी. मोबाईलचा पडदा एकदा जरी पेटला तरी सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून सरावावे लागतात. म्हणून ही अट मी फेरी निघण्याआधीच घालते, तिथं पोचल्यावर सांगून उपयोग होत नाही.

बेडूक हातात घ्यायचा नाही. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, आणि आपल्या हाताला डास पळवायचं मलम, सॅनिटायझर, काहीबाही लागलेलं असतं. दुसऱ्या जंगलातून आलेल्या बुटांची चिखलमातीही धुऊन घ्यायची, कारण बेडकांच्या कातडीला लागणारी घातक बुरशी ओल्या चिखलातून पसरू शकते. फोटोसाठी बेडूक उचलून चांगल्या पानावर ठेव, असं सांगणारे पाहुणे भेटतातच. पैसे तेच देणार असतात, त्यामुळं नव्या गाईडला नाही म्हणणं जड जातं. मी सरळ सांगते, "तो जिथं बसलाय तिथूनच फोटो घेऊ, मी प्रकाश धरते." बहुतेकजण ऐकतात. जो ऐकत नाही त्याच्यासाठी फेरी आवरती घ्यायची तयारी ठेवा. तीच गोष्ट दिवसा पक्ष्यांची. कर्णा (मलबार ट्रोगन) किंवा धनेश जवळ यावा म्हणून विणीच्या दिवसांत मोबाईलवर त्याचा आवाज वाजवणं चुकीचं आहे. आपल्या हद्दीत परका शिरला असं समजून नर घरटं सोडून येतो.

सापांबद्दल घरचे सगळ्यात आधी विचारतात. आपल्याकडच्या नाग, मण्यार, घोणस, फुरशांची ओळख इथंही कामी येते, पण आंबोलीत रात्री जास्त भेटतो तो मलबार चापडा. फांदीवर तासन्‌तास तसाच बसतो, हिरवा, तपकिरी, कधी पिवळसर. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस त्या चार सापांच्या विषावर बनवलेली आहे, चापड्याच्या विषासाठी नाही. म्हणून फांदीला हात लावायचा नाही आणि लेन्स कितीही चांगली असली तरी सापापासून अंतर राखायचं. कुणाला दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही आणि गाडी थेट सावंतवाडीच्या रुग्णालयाकडं. जंगलात उतरण्याआधी गाडी कोणाची, चालवणार कोण, हे ठरलेलं हवं. प्रथमोपचाराचा एखादा रीतसर कोर्स केल्याशिवाय लोकांची जबाबदारी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जळवांचा बाऊ करू नका. ओढू नका, मीठही टाकू नका, नखानं कडेनं सरकवली की सुटते. तिच्या लाळेमुळं रक्त लवकर गोठत नाही, म्हणून जखम वाहत राहते. पाहुण्याला हे आधीच सांगून ठेवलं की तो घाबरत नाही.

तयारी घरूनच सुरू होते. आपल्याकडं पहिला पाऊस झाला की शेताच्या कडेला, ओढ्यात मोठे बेडूक पिवळेधमक होऊन ओरडतात. ते नर. रंग किती दिवस टिकतो, कोण कुठून ओरडतं, हे वहीत टिपा. जमिनीत गाडून घेऊन उन्हाळा काढणारे बेडूकही आपल्याच मातीत आहेत. गौताळ्याच्या जंगलात पक्ष्यांचे आवाज पाठ करा. हिवाळ्यात नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, पट्टकदंब हंस आणि बदकं ओळखायला शिका. जायकवाडी अभयारण्य १९८६ सालचं आहे आणि पैठणला एस.टी. जाते, त्यामुळं खर्चाचं कारण सांगता येणार नाही. पदवी प्राणिशास्त्राची किंवा वनस्पतिशास्त्राची असली तर बरं, सक्ती कुठंच नाही. मुंबईची बीएनएचएस ही संस्था पक्षी, कीटक, वनस्पती असे वेगवेगळे कोर्स घेते. पाहुणे पुण्या-मुंबईचे, बंगळुरूचेही असतात, म्हणून इंग्रजी बोलण्याचा सराव लागतो. व्याकरण चुकलं तरी चालतं, प्राण्याची माहिती चुकलेली चालत नाही.

आता पैशांचं. हे पगारी नोकरीचं काम फार थोड्या ठिकाणी आहे. सुरुवात बहुधा एखाद्या होमस्टेवर किंवा सहल नेणाऱ्यांबरोबर मदतनीस म्हणून होते. राहणं-जेवण मिळतं, वर दिवसाचे ठरलेले पैसे. ठरलेलं म्हणजे लिहून घेतलेलं, निदान मोबाईलवरच्या मेसेजमध्ये तरी. प्रवास कोण देणार, फेरी पावसामुळं रद्द झाली तर काय, विमा आहे का, हे विचारायला लाजू नका. मला एका आयोजकानं हंगाम संपल्यावर अर्धेच पैसे दिले होते, आणि हातात काही लिखित नसल्यामुळं मी काही करू शकले नाही.

एका हंगामावर वर्ष निघत नाही. जून ते सप्टेंबर बेडूक आणि साप, नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्थलांतरित पक्षी. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, त्यामुळं मार्च-एप्रिलमध्ये तिथं पाहुणे असतात. पिल्लं समुद्राकडं जाताना बॅटरी, फ्लॅश, हात, सगळं लांब ठेवायला सांगणं एवढंच तिथलं मुख्य काम, आणि ते गावकऱ्यांच्या शिस्तीखाली करायचं असतं. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत बायकांचा बचत गट होडीतून कांदळवनाची सफर घडवतो, ती पाहून या. कांदळ, तिवर, चिप्पी यांची मुळं त्या ज्या सोप्या भाषेत समजावतात तसं बोलता आलं पाहिजे.

स्थानिकांचा मान राखणं हा या कामाचा पाया आहे. त्यांच्या जंगलात आपण पोट भरायला आलोय. माझ्या फेरीत आंबोलीतला एकजण नेहमी सोबत असतो आणि पैसे वाटून घेतो. त्यामुळं गटामागं एक माणूस राहतो, आणि "पोरीच्या जातीनं रात्री जंगलात?" या माझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. मुलींनी पाहुण्यांबरोबर रात्री एकटीनं जाऊ नये, हे मी आजही पाळते. राहायचं घर असं निवडा जिथं घरातली बाई तुम्ही परतेपर्यंत जागी असते. मी राहते त्या घरच्या काकींचा नंबर आईकडं आहे आणि दोघी माझ्याशिवायही बोलतात. राखीव वनात रात्री शिरायला वनखात्याची परवानगी लागते, खाजगी जागेत मालकाची. दोन्ही नसेल तर डांबरी रस्त्याच्या कडेनंही पुष्कळ दिसतं.

हिरण्यकेशीच्या मंदिराकडं गेलात तर कुंडातला छोटा मासा बघा. २०२० मध्ये त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. कुंडात हातपाय धुऊ नका.

येताना लातूर किंवा सोलापूरहून कोल्हापूर गाठा, तिथून आजऱ्यामार्गे आंबोलीची एस.टी. मिळते. गमबूट, जळवांचे मोजे, डोक्याला लावायची बॅटरी आणि लवकर वाळणारे कपडे आणा. जीन्स घरी ठेवा, भिजली की चार दिवस सुकत नाही. पहिल्या वेळी जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर या आणि परतीचं तिकीट काढू नका. पाऊस लांबला तर थांबावं लागेल, आणि तो येतो त्या रात्री तुम्ही तिथं असायला हवं.