कमी खर्चात घरी पीसी जोडायचाय? आधी भाग जुळवा

इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये शिरण्याआधी घरीच यादी करा. नुसतं ‘आय-थ्री, आठ जीबी’ लिहून भागत नाही, प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर लिहा. ‘तो मदरबोर्ड संपला, हा घ्या, सेमच आहे’ असं दुकानात कुणी म्हटलं, तर यादीशी ताडून पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.

सुरुवात प्रोसेसरपासून. अभ्यास, ऑफिसचं काम आणि हलकं गेमिंग एवढंच असेल तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही, पण मग ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच हवं. रायझन ५ ५६००जीमध्ये ते आहे, साध्या ५६००मध्ये नाही. इंटेलच्या आय३-१२१००मध्ये आहे, १२१००एफमध्ये नाही. स्वस्त पडतो म्हणून एफवाला उचललात, तर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील.

५६००जीला एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) बोर्ड लागतो. ए५२० किंवा बी५५० घ्या. जुना बी४५० मिळत असेल तर बायॉस (बोर्ड सुरू करणारं त्यातलं मूळ सॉफ्टवेअर) दुकानातच अपडेट करून मागा. जुनं बायॉस या प्रोसेसरला ओळखत नाही, आणि बहुतेक स्वस्त बोर्डांवर ते अपडेट करायलाही आधी एखादा जुना प्रोसेसर बसवावा लागतो. १२१००साठी एलजीए १७०० सॉकेटचा एच६१० पुरे. मात्र एच६१० डीडीआर४चाही येतो आणि डीडीआर५चाही (या रॅमच्या दोन पिढ्या), तेव्हा खोक्यावर वाचून घ्या. दोन्ही रॅमना पिना २८८च असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावलात तर स्लॉटच जाईल.

रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे दोन चॅनेल (डेटाचे दोन मार्ग) मिळाले की गेममध्ये फरक सरळ दिसतो. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा भरा. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) पुरते, ती बसते तो बोर्डावरचा एम.२ स्लॉट एनव्हीएमई घेतो का, एवढं बोर्डाच्या माहितीत बघा.

एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र काटकसर नको. कॅबिनेटसोबत फुकट येणारा नाकारा, नामांकित कंपनीचा ४५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) घ्या. उन्हाळ्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हलका एसएमपीएस आधी दगा देतो आणि कधी कधी बोर्डही सोबत नेतो. त्याचा ४+४ पिनांचा प्लग प्रोसेसरचा, ६+२चा ग्राफिक्स कार्डाचा. अदलाबदल करू नका.

कॅबिनेट मायक्रो-एटीएक्स (लहान आकाराचा) बोर्ड घेणारं असावं. बोर्डाला जिथे भोक नाही तिथला पितळी स्टँडऑफ (कॅबिनेटमधला बोर्ड टेकवायचा खुंटा) आधी काढा, नाहीतर बोर्ड शॉर्ट होतो.

पैसे देण्याआधी बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस काउंटरवरच जोडून डिस्प्ले दाखवायला सांगा. सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच मागतात.