मृत्युपत्र आणि लिव्हिंग विल: केलेले कागद ताजे कसे ठेवायचे

दरवर्षी प्राप्तिकर विवरणपत्र भरताना बँकेची खाती, ठेवी, म्युच्युअल फंड, शेअर असं सगळं एकदा डोळ्यांखालून जातं. ती यादी हाताशी असतानाच मृत्युपत्र बाहेर काढा आणि ओळीओळीने ताडून पाहा. त्यासाठी वेगळा दिवस काढायचा म्हटलं तर तो निघत नाही. मात्र लग्न, घटस्फोट, घरातला मृत्यू किंवा घराची खरेदी-विक्री झाली, तर पुढच्या विवरणपत्रापर्यंत थांबू नका.

सर्वांत जास्त घोळ स्थावर मालमत्तेच्या वर्णनात होतो. ‘अमुक सदनिका मुलीला’ असं लिहिलं आणि मृत्यूपूर्वी ती विकली गेली, तर ते दान तिथेच संपतं. विक्रीचे पैसे आपोआप मुलीकडे जात नाहीत. मुंबई-पुण्यात पुनर्विकासामुळे हा प्रश्न घरोघरी आला आहे. जुनी खोली पाडली, नव्या इमारतीत क्रमांक, मजला, क्षेत्रफळ सगळं बदललं, आणि मृत्युपत्रात मात्र पाडलेल्या खोलीचाच पत्ता राहिला की वारसांना भांडायला जागा मिळते. म्हणून विकासकाशी करार होताच मृत्युपत्र बदला आणि ‘या सदनिकेच्या बदल्यात मिळणारी कोणतीही सदनिका अथवा रक्कम’ हे शब्द घाला. शेतजमिनीसाठी ताजा सातबारा समोर ठेवून गट क्रमांक आणि पोटहिस्सा लिहा. शहरातल्या जागेसाठी मालमत्ता पत्रकावरचा सिटी सर्व्हे क्रमांक लिहा.

ठेवींच्या बाबतीत खाते क्रमांक आणि ठरावीक रकमा लिहू नका, हिस्से टक्क्यांत लिहा. ठेव मोडली किंवा बँक बदलली तरी वाटणी टिकते. शेवटी एक कलम हवंच: ‘याशिवाय माझ्या नावावर जे काही असेल ते अमुक व्यक्तीला’. मृत्युपत्रानंतर घेतलेली प्रत्येक गोष्ट या एका वाक्याने सांभाळली जाते.

बदल करायचा म्हणून मूळ कागदावर पेनाने खाडाखोड करू नका. त्या बदलाशेजारी तुमची आणि दोन साक्षीदारांची रीतसर सही नसेल, तर कायदा तो मानत नाही. बदल एकच आणि छोटा असेल, उदाहरणार्थ व्यवस्थापक (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती) बदलायचा असेल, तर पुरवणी मृत्युपत्र चालतं. त्यालाही दोन साक्षीदार लागतात. पण दुसरी पुरवणी करायची वेळ आली की सरळ नवं मृत्युपत्र करा, असं आमचं ठाम मत आहे. पुरवण्या मूळ कागदापासून सुटतात, हरवतात, एकमेकींना छेद देतात. नव्याच्या सुरुवातीलाच ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द’ असं तारखेसह लिहा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण आधीचं नोंदवलेलं असेल, तर नवंही दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. कायद्याने बिननोंदणीचं नवं मृत्युपत्रही जुन्याला मागे टाकतं, पण त्याच्या खरेपणावर बोट ठेवणं सोपं जातं. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि वाटणीत काहीही न मिळणारे निवडा. पुढे कोर्टात सही सिद्ध करायची वेळ आली तर ते हयात असायला हवेत. उतारवयात सही करताना त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

लग्नानंतर काय होतं हे धर्मानुसार बदलतं. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचं आधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांचं होत नाही. लग्नाआधी सगळं भावाला लिहून दिलं असेल तर ते तसंच लागू राहतं. गोव्यात मुलं किंवा इतर सक्तीचे वारस असतील तर अर्ध्या हिश्शावर त्यांचा हक्क असतो, त्यामुळे वाटणीतला बदल उरलेल्या अर्ध्यातच बसवावा लागतो.

नॉमिनी वेगळा तपासा. शेअरचा नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं. पण पैसे आधी त्याच्याच हाती पडतात, म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच नाव ठेवा. बँक ठेवींना 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी देता येतात. भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी कोणाचंही नाव दिलेलं असो, कुटुंब नसताना केलेलं नामांकन लग्नानंतर बाद ठरतं. ते नव्याने भरा. गृहनिर्माण संस्थेतलं नामांकनही विसरू नका.

लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, हा स्वतंत्र कागद आहे. तो मृत्युपत्रात मिसळू नका, कारण मृत्युपत्र मृत्यूनंतर उघडतात आणि हा त्याआधी लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. त्याआधी केलेला, दंडाधिकाऱ्यांच्या सहीशिवाय राहिलेला कागद असेल तर नव्याने करा. तुमच्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकापेक्षा जास्त नातेवाइकांची किंवा पालकांची (गार्डियन) नावं त्यात असावीत. दरवर्षी पाहायचं ते हेच: त्यांचे फोन चालू आहेत का, कोणी परदेशी गेलं का, ठरल्या वेळी डॉक्टरांना ‘आता थांबा’ म्हणायचं बळ त्यांच्यात अजून आहे का.

‘व्हेंटिलेटर नको’ एवढंच लिहिणं धोक्याचं. न्यूमोनियातून चार दिवसांत बाहेर येणाऱ्या माणसालाही तो लागू शकतो. ‘बरं होण्याची शक्यता नसलेल्या अंतिम अवस्थेत’ ही अट स्पष्ट लिहा, आणि नवा आजार निदान झाला की मजकूर डॉक्टरांसमोर बसून पुन्हा वाचा. बदललेल्या कागदाची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला आणि फॅमिली डॉक्टरांना द्या, सोबत जुना रद्द केल्याचं लेखी पत्र. दोन कागद फिरत राहिले तर रुग्णालय गोंधळतं. मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवू नका. रात्री अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला बँक उघडण्याची वाट पाहता येत नाही. नाव दिलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये स्कॅन हवा.