मुंबईत घर आहे? पुराचा धोका आणि विमा पावसाआधी असा तपासा

पाणी भरणं म्हटलं की आपल्याला हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट, कुर्ल्याचं क्रांतीनगर हीच नावं आठवतात, आणि आपलं घर तिथे नसलं की माणूस निर्धास्त होतो. पण पाणी गल्लीगल्लीत वेगळं वागतं, एका सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरतं आणि समोरच्या बिल्डिंगचा जिना कोरडाच राहतो. म्हणून आपल्या बिल्डिंगचा धोका आपणच शोधायचा, आणि तो मे महिन्यातच, कारण जुलैमध्ये फक्त पाणी उपसायचं काम उरतं.

आधी पाणी का तुंबतं ते थोडं समजून घ्या. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी साधारण २५ मिमी पावसासाठी बांधलेली होती, आणि तेही ओहोटी असताना. ब्रिमस्टोवॅड या महापालिकेच्या गटार सुधारणा प्रकल्पात ती ताशी ५० मिमीपर्यंत न्यायचं ठरलं, हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला असे पंपिंग स्टेशन आले, पण समुद्राकडे पाणी सोडणारी बरीच तोंडं इतकी खाली आहेत की मोठी भरती आली की पाणी बाहेर जातच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तसा रोज पडत नाही हे खरं, पण दोन तासांत १०० मिमी पडला आणि तेव्हाच साडेचार मीटरची भरती असली तरी सखल भागाचे हाल होतात. त्यामुळे नुसता पावसाचा अंदाज बघून भागत नाही, भरतीची वेळ पण बघायची. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते, ती यादी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावून टाका.

मग खाली उतरा आणि बिल्डिंगभोवती एक फेरी मारा. सगळ्यात आधी जोतं बघा. बऱ्याच ठिकाणी रस्ता काँक्रीटचा करताना उंच झालाय आणि जुन्या बिल्डिंगचं जोतं होतं तिथेच राहिलंय, म्हणजे रस्त्यावरचं पाणी सरळ गेटमधून आत. गेटजवळ रस्त्याच्या पातळीला एक दोरी धरा, दुसरं टोक तळमजल्याच्या उंबरठ्यापाशी तेवढ्याच उंचीवर धरा, फरक डोळ्यांना दिसतो. उंबरठा दोरीच्या खाली असेल तर तळमजल्यावाल्यांनी हा लेख पुढे दोनदा वाचावा.

नंतर मीटर रूम, पंप रूम आणि लिफ्टचा खड्डा बघा. हे तिन्ही बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर नाहीतर बेसमेंटला असतात, आणि सहाव्या मजल्यावरचे लोक म्हणतात आम्हाला काय फरक पडतो, तर फरक असा पडतो की मीटर भिजले की लाइट बंद, पंप बंद, टाकीत पाणी नाही आणि लिफ्ट दुरुस्तीचा खर्च सगळ्यांच्या माथी. जुन्या वॉचमनला, समोरच्या किराणावाल्याला विचारा की २००५ ला आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं. दुकानदार बरोबर सांगतात, कारण त्यांनी खालच्या फळीवरचा माल वर चढवलेला असतो. वॉर्ड ऑफिसला जाऊन आपला रस्ता पाणी तुंबण्याच्या ठिकाणांमध्ये येतो का तेही विचारा. मिठी, दहिसर, पोईसर किंवा ओशिवरा नदीच्या नाहीतर मोठ्या नाल्याच्या जवळ घर असेल तर धोका आहे असंच धरून चाला.

आता विमा. इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. होम लोन घेताना बँकेने जो विमा गळ्यात घातला तो बऱ्याचदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतो. कागद काढा आणि वाचा. घराचा असला तरी फक्त भिंती-छताचा आहे की आतल्या सामानाचाही आहे ते बघा.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी आली आणि घराचा आगीचा विमा विकणाऱ्या कंपन्यांना ती ठेवणं तेव्हा बंधनकारक करण्यात आलं. यात आग, भूकंप, वादळ यांच्यासोबत पूर आणि पाणी साचून होणारं नुकसानही येतं, दरड कोसळणंही येतं. भाडेकरू असाल तर फक्त सामानाचा विमा काढता येतो.

रक्कम ठरवताना फ्लॅटचा बाजारभाव धरायचा नाही, जमिनीची किंमत यात नसते. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा खर्च, एवढंच. समजा ५०० चौरस फूट घर आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला ३,००० रुपये, तर इमारतीचा विमा १५ लाखांचा. त्यावर सामानाचं संरक्षण आपोआप २० टक्के मिळतं, म्हणजे ३ लाख, आणि ही आपोआप मिळणारी रक्कम जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. आता घरात एक नजर फिरवा, फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, सोफा, बेड, लाकडी कपाटं, लॅपटॉप, ३ लाखांत बसतंय का? नसेल तर सामानाची यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिने हवे असतील तर वेगळं कव्हर घ्यावं लागतं, रोख रक्कम यात येत नाही. गाडीही येत नाही, तिच्या स्वतःच्या पॉलिसीत ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानाचं कव्हर हवं आणि पार्किंग खाली असेल तर इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनात पाणी शिरून होणाऱ्या बिघाडाचं कव्हर पण घ्या.

अजून एक, गच्चीतून वर्षानुवर्षं होणारं लीकेज म्हणजे पूर नाही, त्याचा क्लेम लागत नाही.

लिफ्ट, पंप, मीटर रूम, कंपाउंड वॉल हे सोसायटीच्या पॉलिसीत असायला हवं. सेक्रेटरींकडे पॉलिसीची कॉपी मागा, पूर त्यात आहे का आणि या वस्तूंची नावं आहेत का बघा, नसतील तर पुढच्या मीटिंगला विषय ठेवा. माझ्या मते या सगळ्यात हेच काम सगळ्यात जास्त राहून जातं.

पॉलिसी झाली की मोबाईलवर घराचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, मशीनच्या मागचे मॉडेल नंबर दिसतील असा, आणि बिलांच्या फोटोंसकट स्वतःलाच ईमेल करून ठेवा. अ‍ॅग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर.

पाणी घरात आलंच तर आधी मेन स्विच बंद करा, आणि हात कोरडा असेल, पायाखाली पाणी नसेल तरच त्याला हात लावा. मदतीला महापालिकेची हेल्पलाइन १९१६. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी चिखलाची रेघ राहते तिचा मोजायची टेप लावून फोटो काढा, पाणी किती फूट होतं याचा तो चांगला पुरावा. मग लगेच कंपनीला कळवा, क्लेम नंबर लिहून घ्या. फ्रिज चालू करून बघू नका आणि भिजलेलं सामान कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका, वास सुटलेली गादी ठेवणं शक्यच नसेल तर फोटो काढून, कंपनीला मेलवर सांगून मगच टाका. सरकारी मदतीसाठी पंचनामा होतो तो वेगळा, तोही करून घ्या.

क्लेम नाकारला किंवा फारच कमी दिला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर मुंबईतल्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. मात्र कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा, म्हणून ते पत्र ज्या तारखेला हातात पडलं ती तारीख त्यावरच लिहून ठेवा.